त्या दाईला कुणी काही बोलत नाही

माईंच्या नातीला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ज्युलिएट व्हायचं होतं. मिळाली दाई. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. माईंनी तिला एका वाक्यात वाटेला लावलं, "ज्युलिएटला काय, रडायचं नि मरायचं. दाईला बोलायला मिळतं." तेव्हापासून आमच्या भिंतीवर दुसरा विषय नाही.

भिंत म्हणजे नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या आणि माईंच्या घरांच्या मधली, छातीएवढी. पूर्वीच्या मालकानं चोर येऊ नयेत म्हणून वर बाटल्यांच्या काचा बसवलेल्या. माईंच्या अप्पांनी छिन्नी-हातोडी घेऊन वीतभर जागेतल्या काचा उडवल्या आणि सिमेंट घासून गुळगुळीत केलं, वाटी ठेवता यावी म्हणून. तिथून इकडचं विरजण तिकडे जातं, तिकडची रविवारची पुरवणी इकडे येते. मी म्हटलं, "माई, तो रोमिओ हिच्या बागेची भिंत चढून आला होता ना? आपली चढला असता तर खाली उतरेपर्यंत पॅन्ट राहिली नसती."

माई मेथी निवडत होत्या. हसल्या नाहीत. "चढायची वेळ नंतर आली. त्याआधी तासाभरापूर्वी तो पुढच्या दारानंच आला होता."

"शत्रूच्या घरी? पुढच्या दारानं?"

"अगं, कॅप्युलेटांकडे समारंभ. गड्याच्या हातात पाहुण्यांची यादी दिली आणि सांगितलं, जा, सगळ्यांना बोलावून ये. गड्याला वाचता येईना, आणि मालकाला तसं सांगायची सोय नाही. रस्त्यात एक बरा दिसणारा मुलगा भेटला, त्याच्याकडून वाचून घेतली. तो रोमिओ. गडी खूष. म्हणतो, तुम्ही माँटेग्यूंच्यातले नसाल तर या की दोन घोट घ्यायला."

"आणि हा गेला."

"गेला. पण ज्युलिएटसाठी नाही हं. यादीत रोझलाइनचं नाव होतं म्हणून गेला. कॅप्युलेटांचीच पुतणी. त्या दिवशी सकाळपर्यंत तिच्यासाठी उसासे टाकत होता."

"म्हणजे आधीची होती!"

"होती तर."

हे मला नवीन होतं. मला आपलं एवढंच माहीत की दोघं प्रेमात पडतात आणि मरतात. माई म्हणतात तेवढं सगळ्यांनाच माहीत असतं, मधे कोण कोण होतं ते कुणी बघत नाही. त्यांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पण सांगतात अशा की व्हेरोना पाथर्डी फाट्याच्या जरा पुढे असावं आणि कॅप्युलेटांकडे त्या कालच हळदीकुंकवाला जाऊन आल्या असाव्यात.

"आता दाईचं ऐक," त्या म्हणाल्या. "तिला स्वतःची मुलगी होती, सुझन. ज्युलिएटच्याच वयाची. ती गेली. हिनं ज्युलिएटला अंगावर पाजून वाढवलं. आईला मुलीशी लग्नाचं बोलायचं असतं तर ती दाईला म्हणते, जरा बाहेर जा. आणि लगेच म्हणते, नको, ये परत. एकटीला पोरीशी बोलायला जमत नाही. आणि दाई आली की थांबते कशाची! भूकंप झाला त्या वर्षी मी हिचं दूध तोडलं, नवरा तेव्हा काय चावट बोलला होता, सगळं काढत बसते. मालकीण म्हणते पुरे, तरी तोच विनोद पुन्हा सांगते."

"म्हणजे आपल्या भिशीतल्या त्या..."

"नाव घेऊ नकोस, भिंत एकच वीत मोकळी आहे पण आवाज चारी बाजूंनी जातो."

मग माईंनी दाईचा सगळा हिशेब मांडला. रोमिओकडे निरोप घेऊन जाणारी ती. लग्नाचं ठरवून परत आली तेव्हा पोर दाराशी ताटकळलेली, आणि ही आपली पाठ दुखते, धाप लागली, डोकं ठणकतंय, तुझी आई कुठाय, असं करत बातमी दाबून ठेवते. गंमत वाटत होती तिला. दोराची शिडी तिनंच आणली. हद्दपारीची बातमी आली तेव्हा रोमिओला शोधायला पाद्रीबाबाच्या मठीत धावली तीच. गुपित सगळं तिच्या पदरात. आणि मंगळवारी सकाळी बापानं पोरीला सांगितलं की गुरुवारी पॅरिसशी लग्न, नाहीतर घरातून चालती हो, रस्त्यावर भीक माग. दाई मधे पडली, मालकाच्या शिव्या खाल्ल्या. "हे तिच्या बाजूनं सांगायला पाहिजे," माई म्हणाल्या. "आई म्हणाली, माझ्याशी बोलू नकोस. ती तर तेवढंही मधे पडली नाही. मग सगळे गेल्यावर पोरीनं दाईला विचारलं, आता तूच सांग. आणि दाई म्हणते, कर की पॅरिसशी. काय देखणा आहे. त्याच्यापुढे रोमिओ म्हणजे पोछा. आणि तो तिकडे हद्दपार, असून नसल्यासारखा."

"पोछा म्हणते?"

"तसलंच काहीतरी. भांडी पुसायचं फडकं."

त्यानंतर ज्युलिएट दाईला एक अक्षर सांगत नाही. तोंडदेखलं बरं म्हणते, औषधाचं गुपित एकटीनं पोटात ठेवते आणि झोपायच्या वेळी दाईला खोलीबाहेर काढते.

मी दाईची बाजू घेतली. घेणारच. "माई, पगारी बाई ती. तिनं काय करायचं होतं?"

"सांगायचं होतं. मालक, हिचं लग्न काल झालंय, पाद्रीबाबानं लावलंय. एवढंच."

"हाकलून दिलं असतं."

"दिलं असतं."

"आणि बापानं पोरीलाच मारून टाकलं असतं तर?"

माईंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. "हो. तेही झालं असतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मला तिचा राग धड येत नाही आणि कीवही धड येत नाही. पण सगळे बोलतात ते नशिबाला. ग्रहतारे आडवे आले, पत्र पोचलं नाही. दाईला कुणी काही बोलत नाही."

पत्राचं मी विचारलं, कारण ते मला सिनेमासारखं वाटलं. पाद्री लॉरेन्सनं औषध दिलं, बेचाळीस तास मेल्यागत पडशील असं सांगितलं आणि रोमिओला कळवायला दुसऱ्या पाद्रीच्या हाती चिठ्ठी धाडली. तो दुसरा पाद्री ज्या घरात गेला तिथं साथीचा संशय आला, आणि गावच्या माणसांनी बाहेरून दारं बंद करून टाकली. चिठ्ठी आत, रोमिओ दुसऱ्या गावात. कोविडमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाला बांबू ठोकले होते तेव्हा माईंची औषधं मेडिकलवाल्या मुलानं त्या बांबूंच्या पलीकडून फेकली होती, ती गटाराच्या काठावर पडली. तेव्हा मला त्या पाद्रीचं दार बंद होणं पटायला काहीच वेळ लागला नाही.

"ते नशीब म्हण," माई म्हणाल्या. "पण पुढे लॉरेन्स स्वतः थडग्यात पोचतो. ज्युलिएट शुद्धीवर येते. शेजारी रोमिओ मेलेला. आणि बाहेर माणसांची चाहूल लागते तसा हा म्हणतो, चल, तुला जोगिणींच्या मठात ठेवतो. ती हलत नाही. मग हा एकटाच सटकतो. तिला तिथं सोडून. ते काही नशीब नव्हे, ते भ्यालेलं माणूस आहे."

म्हणजे पोरीला मदत करणारी घरातली-गावातली मोठी माणसं दोन. दोघंही चांगली. दोघंही ऐन वेळी निघून गेली. माईंच्या मते सगळं नाटक एवढ्यात आहे, बाकी कविता.

मला मात्र कॅप्युलेटांच्या स्वयंपाकघरानं पछाडलं. आदल्या रविवारी हाच बाप पॅरिसला म्हणत होता, पोर लहान आहे, दोन उन्हाळे जाऊ देत. मंगळवारी म्हणतो गुरुवारी लग्न. मग पोर हो म्हणाली तर आनंदानं बुधवारच करून टाकतो. वीस आचारी सांगितले. रात्रभर स्वतः जागा, भट्टीत काय चाललंय बघत फिरतोय, मांस भाजलं का, खर्चाकडे बघू नका. बायको किल्ल्या देऊन मसाले काढायला पाठवते, आतून खजूर मागतायत, क्विन्स मागतायत. (क्विन्सचं फळ मी पाहिलेलं नाही. पण माई म्हणाल्या, बिहीदाणा म्हणून काष्ठौषधीवाल्याकडे मिळतो ते त्याचंच बी.) लाकडं वाळकी आणा म्हणून गडी पळतायत. दाई मालकाला चिडवते, जा झोपा, उद्या आजारी पडाल. आणि वर माडीवर पोर थंड पडलेली. सकाळी तोच बाप म्हणतो, लग्नाचं सगळं आता मयताला वापरा. तेच वाजंत्री, तीच फुलं, तेच जेवण. वीस आचाऱ्यांचं अन्न.

मी दिवसभर तेच घोळवत बसले. भाजीला मीठ दोनदा पडलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा चहाचा कप घेऊन मधे आले. निवृत्त माणूस, कान आमच्याकडे, डोळे पेपरात. "तेरा वर्षांची पोर! आज असतं तर पोक्सो लागला असता. आणि तुम्ही दाईला झोडताय. आधी त्या पोरीला दोन चापट्या द्यायला पाहिजे होत्या."

"हो, चौदाही पुरती नव्हती," माई म्हणाल्या. "पंधरवड्यानं चौदा पुरी होणार होती. आणि पोक्सो बापाला लावा आधी. तोही तिचं लग्नच लावत होता ना? आई सांगते, तुझ्या वयाला मला तू झाली होतीस."

अप्पा कपात बघायला लागले.

माई सुटल्या. शेक्सपिअरनं ही गोष्ट आर्थर ब्रूकच्या कवितेवरून घेतली, १५६२ मधल्या. त्यात मुलगी सोळा वर्षांची आहे आणि प्रकरण काही महिने चालतं. शेक्सपिअरनं १५९५ च्या सुमारास नाटक लिहिताना पोरीची वर्षं कमी केली आणि महिन्यांचे दिवस केले. रविवारी ओळख, सोमवारी लग्न, सोमवारीच दोन खून, मंगळवारी वियोग, बुधवारी मयत, गुरुवारी रात्री सगळा कारभार आटोपला. ब्रूकनं प्रस्तावनेत पोरांवरच खापर फोडलंय, आईबापांचं ऐकलं नाही आणि बडबड्या बायकांच्या नादी लागले म्हणून. आणि शेवटी त्यानं दाईला हद्दपार केलं, विष विकणाऱ्याला फाशी दिलं.

"शेक्सपिअरनं?"

"विष विकणारा भुकेकंगाल होता एवढं दाखवलं. शेवटी राजा म्हणतो, कुणाला माफी, कुणाला शिक्षा. कुणाला काय ते सांगत नाही. दाई तर शेवटच्या प्रवेशात येतच नाही. तिला त्यानं तसंच सोडलं. कुठल्या घरात असेल, कुणाची पोर सांभाळत असेल, देव जाणे."

अप्पांना हार मानायची नव्हती. ही सगळी तिकडची थेरं म्हणाले. माईंनी सांगितलं की तिकडची थेरं १८८२ मध्ये मराठीत आली, नारायण बापूजी कानिटकरांनी 'शशिकला आणि रत्नपाल' लिहिलं ते याच नाटकावरून. तेव्हा आपल्याकडे आठव्या-दहाव्या वर्षी पोरींच्या मुंडावळ्या सुटायच्या. संमतिवयाचा कायदा १८९१ चा, त्यानंही दहाचं वय बारावर नेलं एवढंच, आणि त्यावर पुण्यामुंबईत केवढं रण माजलं. त्या काळच्या प्रेक्षकाला ज्युलिएट घाईची वाटली नसेल, घोडनवरी वाटली असेल. अप्पा म्हणाले, चहा गार झाला.

नाशिककरांना याचं काही वेगळं वाटायला हवं खरं तर. तात्यासाहेब शिरवाडकरांनी इथं बसून मॅक्बेथचा 'राजमुकुट' केला, ऑथेल्लो मराठीत आणला, लिअरची सावली नटसम्राटावर पडली. ही दोन पोरं मात्र त्यांनी हातात घेतली नाहीत. ती पाडगावकरांकडे गेली, म्हणजे मुंबईला. वसंत कानेटकर एचपीटीत इंग्रजी शिकवायचे, त्यांनी प्रेमविवाहावर लिहिलं ते 'प्रेमा तुझा रंग कसा?', घरभर हशा. माईंचं म्हणणं, नाशकाला या विषयावर रडायला नाटक लागत नाही. त्या असं का म्हणाल्या ते मला थोड्या वेळानं कळलं.

आधी 'सैराट' निघाला. तो निघणारच. २०१६ साली ज्यानं तो बघितला नाही असा माणूस आमच्या गल्लीत नव्हता, आणि त्यातली गाणी गणपतीत, वरातीत, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनात वाजली. मी म्हटलं, हेच ते, आर्ची म्हणजे ज्युलिएट.

"थोडंसं," माई म्हणाल्या. "माँटेग्यू-कॅप्युलेट तोलामोलाचे. दोन्ही घरं पैशानं, मानानं सारखी. भांडणाचं कारण काय होतं ते नाटकभर कुणी सांगत नाही, बहुतेक कुणाला आठवतही नसेल. ज्युलिएटचा बाप तर समारंभात रोमिओला ओळखतो आणि भाच्याला दटावतो, असू दे, गावात त्याचं नाव चांगलं आहे. भांडण नसतं तर ते स्थळ होतं. परश्याचं तसं कुठाय? तो कुठल्याही जन्मी पाटलांचं स्थळ झाला नसता. इथं कारण सगळ्यांना पाठ असतं."

मला आणखी एक सुचलं. हैदराबादला ती सुमनअक्का. डोशाची गाडीवाली. ना नात्याची ना जातीची, झोपडपट्टीत दोघांना जागा देते, काम देते, आर्ची चिडली-रडली तरी सोडत नाही. छाया कदमनं काम केलंय. माईंनी मान डोलावली. म्हणजे दाईला जे जमलं नाही ते एका परक्या बाईला जमलं. पण तिला गमवायला काय होतं, असं मी म्हटलं. घर नव्हतं, मालक नव्हता, लोक काय म्हणतील असे लोक नव्हते. माई म्हणाल्या, "गाडी होती की डोशाची. तीही गेली असती." मग दोघी गप्प. शेवटी माहेरची माणसं येतात ती भांडायला नव्हे, पिशव्या घेऊन येतात, आईनं पाठवलंय म्हणून. हिनं चहा टाकलेला. आणि ते लेकरू शेजारणीकडे असतं म्हणून वाचतं.

व्हेरोनात शेवटी दोन्ही बापांनी एकमेकांच्या पोरांचे सोन्याचे पुतळे उभारायचं कबूल केलं. आज तिथं ज्युलिएटचं घर म्हणून दाखवतात, ब्राँझचा पुतळा आहे, विसाव्या शतकात जोडलेला सज्जा आहे, लोक तिकीट काढून जातात. अप्पा म्हणाले आपल्याकडेही धंदा झाला असता. माईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पेपर घेऊन आत गेले.

मग माई जे बोलल्या ते आवाज उतरवून. २०१३ चा जून. आपलंच नाशिक. बापानं लेकीला आजारपणाचं निमित्त सांगून सासरहून आणलं, रिक्षात बसवलं आणि गळा आवळला. लेक गरोदर, दिवस भरत आलेले. जातीबाहेर लग्न केलं होतं आणि जातपंचायतीनं घर वाळीत टाकलेलं. नाशिकच्या न्यायालयानं फाशी दिली, उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये कायम केली, सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये ती वीस वर्षांच्या विनासवलत कैदेवर आणली. त्याच प्रकरणानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीची जातपंचायतींना मूठमाती द्यायची मोहीम इथून उभी राहिली, आणि राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा झाला तो २०१६ चा, लागू झाला २०१७ मध्ये. त्याच २०१३ च्या जानेवारीत नगर जिल्ह्यात सोनईला तीन तरुण मुलांना सेप्टिक टँक साफ करायचं काम आहे म्हणून बोलावून मारलं. दलित मुलं. एकाचं एका मुलीवर प्रेम होतं. तो खटलाही नाशिकला चालला, जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली ती इथल्याच सत्र न्यायालयात.

"दोन्हीकडे बघ," माई म्हणाल्या. "बोलावून नेलं. कुणी आजारी आहे म्हणून, काम आहे म्हणून. तलवारी घेऊन कुणी आलं नाही."

मी म्हटलं, "लोक काय म्हणतील याच्यापायी."

"लोक म्हणजे कोण?"

"कोण म्हणजे... आपण."

"मग आपण काय म्हणालो होतो त्या वेळेला?"

मला आठवेना. पेपरात वाचून हळहळलो असू. पण त्या रिक्षाआधी दोन वर्षं कुणीतरी कुणाच्या तरी ओट्यावर, कुणाच्या तरी भिंतीवर म्हणालंच असेल ना, काय बाई पोरगी, बापाचं नाक कापलं. ते म्हणणारी बाई कुठल्या आरोपपत्रात येत नाही. तीही स्वयंपाकपाणी करून झोपली असेल.

आता मागच्या गल्लीतली ती. नाव सांगत नाही. चोवीस वर्षांची, अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते. मुलगा त्याच कंपनीतला, जात वेगळी, आपल्याकडे ज्याला वेगळी म्हणताना आवाज खाली येतो तितकी वेगळी. मी त्यांना सोमेश्वरला कणीस खाताना पाहिलं होतं. घरी येऊन ह्यांना सांगितलं, भिंतीवर माईंना सांगितलं, तिनं मला बघून ओढणी सारखी केली त्याची नक्कल करून दाखवली. नंतर ती रस्त्यात भेटली की मी मुद्दाम विचारायची, काय गं, कणीस गोड होतं का? ती लाजायची. एकदा उशीर झाला तर आईला सांग काकूंकडे होते म्हणून, असंही मीच सुचवलं. मजा वाटत होती. तिची आई माझ्या भिशीत आहे. दर महिन्याला समोरासमोर बसून आम्ही साबुदाणा वडे खातो.

"परवा ती आली होती माझ्याकडे," माई म्हणाल्या.

"कशाला?"

"रजिस्टर करतायत. विशेष विवाह कायद्याखाली. नोटीस दिली."

मला घाम फुटला. "घरी?"

"घरी कुठली. विवाह अधिकाऱ्याकडे. मग ती फलकावर लागते, तीस दिवस. कुणाला हरकत घ्यायची तर घ्या म्हणून."

"म्हणजे कुणीही जाऊन वाचेल? नाव-पत्त्यासकट?"

"कुणीही. ज्याला वाचता येतं तो. नाही येत तो वाचून घेईल कुणाकडून तरी." माईंनी माझ्याकडे बघितलं. "१९५४ चा कायदा. हरकत ऐकून घेतात ती आधीचं लग्न आहे का, वय भरलंय का, नातं निषिद्ध आहे का, असल्याच कारणाला. आईबापांना पसंत नाही ही हरकत त्यात बसत नाही. पण फलकावर नाव लागलं ते लागलं. बातमी हरकतीची वाट बघत नाही."

रोमिओ-ज्युलिएटला सगळे मिळून चार-पाच दिवस मिळाले, त्यात लपवाछपवी तरी होती. इथं सरकार म्हणतं महिनाभर गावाला सांगून मग करा. कायदा करणाऱ्यांच्या मनात दोन बायका करणारा नवरा असेल, पळून आलेली पोरं नसतील. पण महिनाभर जीव मुठीत कोण धरतं?

माईंनी तिला बरंच सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे, अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात पोलिसांचा विशेष कक्ष हवा, सुरक्षित निवाऱ्याची सोय बघावी. तेव्हा पोलिसांकडे अर्ज आधीच देऊन पोच घेऊन ठेव. कुणी आजारी आहे म्हणून बोलावलं तर एकटी जाऊ नकोस, माझी शपथ आहे. कागदांच्या दोन प्रती माझ्या कपाटात ठेव. माई हे सगळं गव्हाचं दळण किती टाकायचं सांगावं तशा सांगत होत्या. शासनाचे आंतरजातीय विवाहाचे पन्नास हजार मिळतात त्याचा अर्जही त्यांनी नातीकडून मोबाइलवर काढून घेतला होता. शिक्षकी पेशा, फॉर्म दिसला की भरतात.

"बरं केलंत," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. "कुणीतरी पाठीशी पाहिजेच हो. नाहीतर ती दाई."

"हो ना." माईंनी निवडलेली मेथी टोपलीत सारखी केली. "साक्षीदार तीन लागतात. सही करायला. एक मुलाचा मित्र आहे. एक मी."

मी भिंतीवरची वाटी उचलली, पुन्हा ठेवली.

"तिसरी ती तुझं नाव म्हणत होती. म्हणाली, काकूंना पहिल्यापासून माहीत आहे."

"अहो, पण तिची आई माझ्या भिशीत आहे."

"माहीत आहे मला."

"उद्या ती दारात येऊन उभी राहिली तर मी काय सांगू?"

"तेच मीपण स्वतःला विचारलं."

आतून ह्यांचा खोकल्याचा आवाज आला. गॅसवर दूध होतं. भिशीचा नंबर या महिन्यात माझा होता, म्हणजे सगळ्याजणी माझ्याच घरी यायच्या होत्या.

"आधार कार्डाची झेरॉक्स आणि पासपोर्ट साइज फोटो लागतो," माई म्हणाल्या.

"ह्यांना विचारून सांगते," मी म्हटलं.

"विचार की. नोटीस लागून आठ दिवस झालेत, बावीस आहेत अजून."